पशुवैद्यांना विचारा : काळ्या नाकावरचा गुलाबी डाग

प्रश्न : आमचा रॉटवायलर अडीच वर्षांचा आहे. दिवाळीनंतर त्याच्या काळ्याभोर नाकावर वाटाण्याएवढा गुलाबी डाग दिसला. आता ओठांच्या कडाही फिकट झाल्या आहेत आणि तोंडावर पांढरे केस आले आहेत. खाणेपिणे, खेळणे नेहमीसारखे आहे. तो खाजवतही नाही. शेजारी म्हणतात, हे कोड आहे, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. बावचीचे तेल लावावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : शेजाऱ्यांचे निदान बहुधा बरोबर आहे, सल्ला मात्र साफ चुकीचा आहे. कोड माणसाचे असो वा कुत्र्याचे, ते स्पर्शाने पसरत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते, त्यामुळे रंगद्रव्य तयार होणे थांबते आणि त्वचा गुलाबी, केस पांढरे होतात. रॉटवायलर आणि बेल्जियन टर्वुरेन या जातींत हा विकार अधिक आढळतो आणि तो ऐन तारुण्यातच सुरू होतो.

तरीही कोड म्हणून सोडून देण्यापूर्वी कुत्र्याला सकाळच्या उजेडात बसवून नाक जवळून पाहावे. निरोगी नाकावर बारीक दगडांच्या फरसबंदीसारखी खडबडीत नक्षी असते आणि कोडात रंग गेला तरी ही नक्षी शाबूत राहते. नाक आधी राखाडी-निळसर होऊन मग गुळगुळीत झाले असेल, त्यावर खपली धरत असेल किंवा भेगांतून रक्त येत असेल, तर तो ल्युपसचा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर हल्ला करते अशा विकाराचा) प्रकार असू शकतो आणि त्यावर औषधोपचार करावे लागतात. डोळे लाल होणे, उजेडात मिचकावणे किंवा बुबुळ धुरकट दिसणे ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अकिता आणि हस्की या जातींत विशेषतः आढळणाऱ्या एका विकारात रंगासोबत दृष्टीही जाते.

शंका उरलीच तर त्वचेचा लहान तुकडा तपासणीसाठी पाठवतात. तो पूर्ण पांढऱ्या भागातून न घेता, रंग नुकताच उतरू लागलेल्या कडेवरून घ्यावा लागतो, कारण रंगपेशींवरचा हल्ला तिथेच चालू असतो.

कोडावर खात्रीचे औषध नाही. काही कुत्र्यांत रंग आपोआप परत येतो, काहींत कमीजास्त होत राहतो. कुत्र्याला त्याचे काहीच वाटत नाही. बावचीचे तेल मात्र मुळीच लावू नये. त्यातील सोरालेन या रसायनामुळे त्वचा उन्हात भाजते, शिवाय नाकावर लावलेले तेल कुत्रा क्षणात चाटून पोटात घेणार. हीच अडचण माणसांच्या सनस्क्रीनची आहे. त्यातले झिंक ऑक्साइड पोटात गेले तर कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. रंग गेलेल्या त्वचेला ऊन सोसत नाही आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने तिथे कर्करोगही होऊ शकतो. म्हणून दुपारी त्याला सावलीत ठेवावे, फिरायला सकाळी लवकर न्यावे आणि महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात नाकाचा फोटो काढून ठेवावा.