रस्सा झोंबतोय म्हणणाऱ्याला नुसतं तोंडात लावायचं जेल देऊन पाठवू नकोस

पोरी,

काल फोनवर विचारलंस, सर, तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट जगणार की नाही हे नक्की कशावर ठरतं. खुर्चीत पेशंट होता म्हणून नीट बोलता आलं नाही, आता लिहितो.

सगळ्यात जास्त ठरतं ते मानेच्या गाठीवर, म्हणजे तिथल्या लिम्फ नोडवर. कॅन्सर गाठीत उतरला की जगायची शक्यता जवळपास निम्म्यावर येते, आणि गाठीचं कवच फोडून बाहेर पडला असेल तर अजूनच अवघड. म्हणून तोंड बघून झालं की हात मानेला लागलाच पाहिजे, पेशंट नुसता दात काढायला आलेला असला तरी. आणि हाताला लागत नाही म्हणजे गाठीत काही नाही असंपण नसतं बघ, टाटा हॉस्पिटलचा २०१५ चा अभ्यास आहे, सुरुवातीच्या स्टेजलाच तोंडाबरोबर मानेचंही ऑपरेशन केलं त्यातले ३ वर्षांनी ८० टक्के हयात होते आणि गाठ आल्यावर बघू म्हणून थांबलेल्यांतले ६७.५. नातेवाईक विचारतातच, चट्टा गालात आणि मान कशाला कापताय, तेव्हा हे समजावून सांग.

चट्टा किती मोठा याच्याइतकंच तो किती खोल गेलाय हेही बघतात.

आपल्याकडं माणूस येतो तो रस्सा झोंबतोय म्हणत. मावा खाऊन तोंडात तीन बोटं जात नसतात. सुरुवातीच्या काळात अशाच एका शेतकऱ्याला मी दोन महिने जेल आणि बी कॉम्प्लेक्स देत बसलो, मानेला हातच लावला नाही, परत आला तेव्हा गाठ लिंबाएवढी. तो चेहरा अजून डोळ्यासमोरनं जात नाही. दोन-तीन आठवड्यांत चट्टा भरला नाही तर तुकडा तपासायला पाठवायचाच. तुकडा काढला की पसरतो म्हणून घाबरतात लोकं, तसं काही नसतं, घरच्यांना बसवून सांग.

ऑपरेशननंतर शेक, म्हणजे रेडिएशन, लागणार असतील तर ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला पाहिजेत. इथं उसाला तोड आली म्हणून माणूस घरीच थांबतो, त्यामुळं नंबर घेऊन ठेव आणि स्वतः फोन कर. तंबाखू सुटली का तेपण दरवेळी विचार, आणि बायकांना मिश्रीचं वेगळं विचार, त्या मिश्रीला तंबाखू धरतच नाहीत.

तू सांगितलेल्या त्या मावशींना सोमवारी कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलला पाठव. त्यांच्या मानेला हात लावून बघितलास का, तेवढं आज कळव.

तुझा सर