मामाच्या फुकट लेन्स आणि कॅमेऱ्याचा खरा हिशेब

नागपूरच्या नंदनवनातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय २७, हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी, हाती येणारा पगार ३४ हजार. घरी ते आणि आई. गाडीचा हप्ता धरून महिन्याचा खर्च २५ हजार, बचत खात्यात ९० हजार. फोटोग्राफीची आवड कॉलेजपासूनची. आता ओळखीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनं सांगितलं आहे, 'स्वतःचा कॅमेरा आण, दिवसाला २ हजार देतो.' त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला, बर्डीवरच्या दुकानातून नवा कॅनन १५००डी, १८-५५ आणि दूरचं जवळ आणणारी ५५-२५० अशा दोन लेन्ससकट, ५४ हजारांत. बारा महिने साडेचार हजारांचा 'नो कॉस्ट' हप्ता. दुसरा, मित्राचा वापरलेला निकॉन डी३५००, १८-५५ लेन्ससह २६ हजारांत. या दुसऱ्या पर्यायाकडे त्यांचा कल आहे, कारण वर्ध्याच्या मामांकडे रोलच्या कॅमेऱ्याच्या काळातल्या निकॉनच्या दोन लेन्स पडून आहेत, ५० एमएम एफ १.८डी आणि एक ७०-३००. मामा म्हणाले, 'घेऊन जा.' पत्राच्या शेवटी ते विचारतात, 'लेन्सचे पैसे वाचतात, मग निकॉनच घ्यावा ना?'

तुमचा प्रश्न बरोबर जागी आहे. बहुतेक जण बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची, किंमत बघून कंपनी ठरवतात आणि लेन्सचा विचार वर्षभरानं करतात. तुम्ही तो आधी केलात. पण ज्या लेन्स तुम्ही फुकट धरल्या आहेत, त्या या कॅमेऱ्यावर फुकट पडत नाहीत.

निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खोबण, १९५९ पासूनचा आहे, त्यामुळे मामांच्या लेन्स डी३५०० वर बसतील. टक्कन आवाज येईल, लेन्स फिरून घट्ट होईल आणि तुम्हाला वाटेल की जमलं. अडचण पुढे आहे. जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये (मामांची १.८डी त्यातलीच) फोकसची मोटर नसते. मोटर बॉडीत असते आणि माउंटच्या कडेला दिसणाऱ्या एका छोट्या स्क्रूनं ती लेन्स फिरवते. निकॉननं डी३००० आणि डी५००० मालिकेच्या स्वस्त कॅमेऱ्यांत ही मोटर ठेवलेलीच नाही. तुमच्या मित्राच्या डी३५०० चा माउंट बघा, तो स्क्रू दिसणार नाही. लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग (उजेड आत येण्याचं भोक लहान-मोठं करणारी) सगळ्यात मोठ्या आकड्यावर, ५० एमएमला २२ वर, लॉक केली की उजेडाचं मोजमाप ठीक चालेल, पण फोकस हातानं करावा लागेल. घरी फुलदाणीचा फोटो काढायला हरकत नाही. हळदीत नवरीच्या गालाला हात लागतो तो क्षण अर्ध्या सेकंदाचा असतो आणि एफ १.८ ला, म्हणजे भोक पूर्ण उघडं असताना, जरा चुकलं की डोळे धूसर, कान स्पष्ट. त्या फोटोचे २ हजार कोणी देणार नाही.

मग डी३५०० साठी मोटर असलेली ५० एमएम एफ १.८जी घ्यावी लागेल. तुम्हीच दुकानात विचारलेला तिचा भाव १८ हजार. फ्लॅश, जादा बॅटरी आणि दोन चांगली कार्डं यांचे ८ हजार धरा. २६ हजारांचा कॅमेरा ५२ हजारांवर गेला, आणि मामांच्या लेन्स कपाटातच राहिल्या.

कॅननचं गणित वेगळं आहे. १९८७ मध्ये कॅनननं ईएफ माउंट आणला तेव्हाच मोटर लेन्समध्ये टाकली. म्हणून १५००डी वर कोणतीही ईएफ लेन्स, नवी असो की वीस वर्षं जुनी, आपोआप फोकस करते. ५० एमएम एफ १.८ ची २०१५ ची आवृत्ती तुमच्या दुकानात १० हजारांत आहे. निकॉनच्या १८ हजारांसमोर ही तफावत मोठी आहे, आणि अशीच तफावत पुढच्या प्रत्येक लेन्सला आडवी येऊ शकते. बॉडी आपण पाच वर्षांत एकदा घेतो, लेन्सवर मात्र पैसे जात राहतात.

तरी ५४ हजारांचा दोन लेन्सचा संच घेऊ नका. ५५-२५० चं अ‍ॅपर्चर एफ ४ ते ५.६, आणि हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. मंगल कार्यालयात रात्रीच्या दिव्यांत ती उजेडाला कमी पडते, म्हणजे ५० एमएम घ्यावीच लागणार. ५४ आणि १० झाले ६४, वरचं सामान ८, एकूण ७२ हजार. खात्यात उरतील १८ हजार. आईला एकदा दवाखान्यात न्यावं लागलं तर? तुमचा एका महिन्याचा खर्चसुद्धा त्यात निघत नाही. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईचं नाव आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कॅमेऱ्याआधी ते विचारून घ्या.

मोठी लेन्स ताडोबा-पेंचसाठी हवीशी वाटते, हे मला माहीत आहे. नागपुरात राहून ती हाव न सुटणारा फोटोग्राफर मी पाहिलेला नाही. मीही एकदा ७०-३०० घेतली होती. पेंचला दोनदा नेली, मग तीन पावसाळे कपाटात. दुरुस्तीवाल्याकडे नेली तेव्हा त्यानं लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च लावला आणि मला पुढून बघायला सांगितलं. काचेच्या आत कडेपासून मध्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक धागे पसरले होते. बुरशी. काच खोलून साफ करायला जे पैसे लागले, त्यात चार जंगलवाऱ्यांना भाड्यानं लेन्स आली असती. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू भाड्यानंच घ्या.

आता हप्त्याचं. 'नो कॉस्ट' म्हणजे व्याज नाही असं नसतं. बँक व्याज लावते आणि दुकान किंवा कंपनी तेवढी सूट देऊन ते झाकते. वर्षाला १५ टक्के दर धरला तर तुमच्या ५४ हजारांत साधारण ४,१०० रुपये व्याजाचे आहेत. हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ७४५ रुपये, तुमच्या खिशातून जातो. प्रोसेसिंग फी वेगळी. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, 'आजच रोख घेतला तर कितीला द्याल?' ५० हजारांच्या जवळचा आकडा आला तर समजा की तीच खरी किंमत आहे. बिलाशिवाय ३ हजार कमी करतो म्हणाला, असंही तुम्ही लिहिलं आहे. तसं घेऊ नका. वॉरंटीला बिल लागतं, चोरीच्या विम्याला लागतं, आणि उद्या विकताना गिऱ्हाईकही तेच मागतं.

हप्त्याबद्दल माझी खरी हरकत दुसरी आहे. तुमच्या हातात महिन्याला ९ हजार उरतात आणि त्यातले निम्मे बारा महिने जातील. लग्नं मात्र बारा महिने नसतात. आषाढी नुकतीच झाली. आता कार्तिकीपर्यंत चातुर्मास आणि तुळशीचं लग्न लागल्याशिवाय तुमच्या त्या ओळखीच्या फोटोग्राफरकडेही फारसं काम येणार नाही. पहिले तीन-चार हप्ते तुम्ही घरात ठेवलेल्या कॅमेऱ्याचे भराल. वर्षाला ४० दिवस काम मिळेल असा तुमचा अंदाज आहे. मी तो निम्मा करतो, कारण मुहूर्त मंगळवारी-बुधवारीही निघतात आणि कारखाना तेवढ्या सुट्या देत नाही. २० दिवस म्हणजे ४० हजार. पहिल्या हंगामात जेवढे परत येतील, साधारण तेवढ्याचंच सामान घ्या, असं माझं मत आहे.

म्हणून तिसरा पर्याय सांगतो, ज्यात मामांच्या लेन्स खरोखर कामी येतात. निकॉनच्या डी७००० मालिकेत बॉडीत मोटर आहे. २०१५ ची डी७२०० शोधा. २४ मेगापिक्सेल, आणि तुमच्या कामासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तिला दोन कार्डांची जागा आहे. बॅकअपचं सेटिंग लावलं की प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहिला जातो. पैसे घेऊन लग्न काढणाऱ्याचं एकुलतं एक कार्ड बिघडलं तर ती हळद परत लावता येत नाही. डी३५०० ला आणि १५००डी ला एकाच कार्डाची जागा आहे. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका तरुणानं यंदाच वापरलेली डी७२०० ३२ हजारांत घेतली. तिच्यावर वापरलेली १८-५५ साधारण ५ हजारांत मिळावी. ती घ्याच, कारण ५० एमएम या सेन्सरवर ७५ सारखी, म्हणजे जास्त जवळून, दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत बारशाचा ग्रुप काढताना पाठ भिंतीला टेकते आणि तरी आत्या फ्रेमबाहेर राहते. ३२, ५ आणि सामानाचे ८ मिळून ४५ हजार.

जुनी निकॉन तपासणं त्यातल्या त्यात सोपं. तिथेच एक फोटो काढा. शटर किती वेळा उघडलं तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो आणि मोबाइलवर वाचता येतो. ४० हजार वेळांच्या आत असेल तर पुढे बोला. ७० हजार वेळा निघाला तर उठा. तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नका.

या पर्यायाची उणी बाजूही आहे. डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या या कॅमेऱ्यांचा, काळ सरत आला आहे, कॅनन आणि निकॉन दोघंही बिनआरशाच्या मिररलेसकडे वळले आहेत. म्हणून जुन्या बॉडी स्वस्त मिळतात आणि म्हणूनच उद्या विकताना तुम्हालाही कमीच मिळतील. पुढे कॅननच्या मिररलेसवर गेलात तर ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून पूर्ण फोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्ये मोटर नाही, मामांच्या लेन्स तिथे पुन्हा हातानं फिरवाव्या लागतील. तेव्हा डी७२०० ला तीन वर्षांचं अवजार समजा आणि तिच्यासाठी आणखी डी लेन्स पैसे देऊन घेऊ नका.

आणि आत्ता काहीच घेऊ नका. चातुर्मास थांबण्यासाठी सोयीचा आहे. दसऱ्यापर्यंत तीन महिने ९-९ हजार टाकले तर खात्यात १ लाख १७ हजार होतील. त्यातून ४५ गेले तरी ७२ उरतात, जवळपास तीन महिन्यांचा खर्च. आज घेतलात तर ४५ हजारच उरतील, दोन महिन्यांचाही नाही. मधल्या काळात मित्राचा डी३५०० एखाद्या दिवसासाठी मागून घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तेव्हाच्या गर्दीत फोकस धरता आला तर वरातीची भीती उरणार नाही. मामांची ५० एमएमही सोबत न्या. हातानं फोकस करताना काय सुटतं, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

कॅमेरा आणि लेन्स घरी आल्या की कूलरच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडे पावसाळ्याला दोष देतात, पण उन्हाळाभर कूलरची ओली हवा खाल्लेल्या लेन्स मी पाहिल्या आहेत. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, दोन-अडीचशे रुपयांत काम होतं.

मिळणारे २ हजार खात्यात जमा करून घ्या आणि रिटर्नमध्ये दाखवा. जीएसटी नोंदणीची सेवांसाठीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, त्याची तुम्हाला इतक्यात काळजी नको.

येत्या रविवारी वर्ध्याला जा. दोन्ही लेन्सची मागची-पुढची झाकणं काढा, अ‍ॅपर्चरची रिंग १.८ कडे पूर्ण उघडा, ७०-३०० वर जो सगळ्यात लहान आकडा असेल तिकडे फिरवा, आणि मागून टॉर्च लावा. धूळ दिसली तर चालेल. धागे दिसले तर मामांना नमस्कार करून लेन्स तिथेच ठेवा. मग लेन्सपायी डी७२०० घेण्याचं कारण उरत नाही. अशा वेळी, एकाच कार्डाची जोखीम मान्य करून, वापरलेली कॅननची १५००डी बघा, किट लेन्ससकट २५ हजारांपर्यंत, आणि तिच्यावर १० हजारांची नवी ५० एमएम. सामान धरून ४३ हजार. ती घेताना वरच्या फ्लॅशच्या खोबणीत बोट फिरवून बघा. कॅनननं काही स्वस्त बॉडींमधली मधली मोठी पिन काढून टाकली आहे, आणि ती नसेल तर बाजारातले साधे स्वस्त फ्लॅश पेटत नाहीत. टॉर्चमध्ये काय दिसलं ते मला कळवा.