जुन्या कब कॅडेट १२२ या बागेच्या छोट्या ट्रॅक्टरचं इंजिन स्टार्टरने फिरतंय, पण प्लगला करंटच नाही. कॉइल बदलू का?

कॉइलला आत्ताच हात लावू नका. या मॉडेलवर कोहलरचं १२ अश्वशक्तीचं के३०१ इंजिन असतं. ते वर्षानुवर्षं बंद राहिलं की पहिले बिघडतात पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क.

१२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या, चिमटा चेसिसला लावा. चावी चालू करून कॉइलच्या प्लसला टेकवा: दिवा लागलाच पाहिजे, नाहीतर दोष चावीत किंवा वायरिंगमध्ये. मग मायनसला टेकवून इंजिन फिरवा. दिवा उघडझाप करत असेल तर पॉइंट ठीक. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट टेकत नाहीत. अजिबात पेटला नाही तर बहुधा ते उघडत नाहीत, नाहीतर त्यांना जोडलेला कंडेन्सर शॉर्ट आहे.

बहुतेकदा पॉइंटच्या तोंडावर राखाडी पापुद्रा दिसतो. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने एकदाच हलकेच घासा, मग स्पिरिटमध्ये भिजवलेली व्हिजिटिंग कार्डाची पट्टी मधून ओढा. हे शेवटचं लोक हमखास विसरतात, आणि कण अडकून पुन्हा तोच प्रॉब्लेम. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना गॅप ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. फ्लायव्हीलवरची ‘एस’ (स्पार्क) खूण ती पाहायच्या भोकासमोर येताना पॉइंट नेमके उघडू लागले की टायमिंगही जुळलं.

पॉइंटच्या झाकणाखाली तेल दिसलं तर बहुधा पुशरॉड, म्हणजे पॉइंट उघडणारी छोटी दांडी, झिजलाय. तो न बदलता पॉइंट साफ करणं फुकट. आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका. पॉइंट टेकलेले असले तर चांगली कॉइलही तापून जाते.