स्टेशनरीच्या स्पेलिंगमध्ये ‘ए’ की ‘ई’?

तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या सामानाच्या यादीवर स्टेशनरी लिहिताना शेवटी ‘ए आर वाय’ लिहायचं की ‘ई आर वाय’, कारण डिक्शनरीत दोन्ही सापडतात. सापडणारच, कारण हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘ई’वाला म्हणजे वह्या, पेनं, पाकिटं, कागद. ‘ए’वाला म्हणजे जागचं न हलणारं, स्थिर. उच्चार सारखाच, आणि देवनागरीत लिहिले तर दोन्ही हुबेहूब एकच दिसतात, त्यामुळे गोंधळ होणं अगदी साहजिक आहे.

आमचं तालुक्याच्या गावी वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. मी आठवीत असताना शाळा उघडायच्या तोंडावर बाबांनी बोर्ड नव्याने रंगवून घेतला, पेंटरने खडूच्या रेघा मारून एकेक अक्षर काढलं आणि त्यात ‘ए’ घातला. दोनच दिवसांनी आमच्या इंग्रजीच्या बाई वह्या घ्यायला आल्या, त्यांनी बाबांना हळूच सांगितलं, मग पेंटरला परत बोलावून ‘ए’वर पांढरा हात मारला आणि वर ‘ई’ काढला. पण दुपारचं ऊन पडलं की खालच्या ‘ए’ची तिरकी रेघ दिसायचीच. ती बघून बघून मला हे शोधायची ओढ लागली की एवढे सारखे शब्द मुळात दोन झालेच कसे.

तर दोघांचं मूळ एकच, लॅटिनमधला ‘उभं राहणे’ या अर्थाचा धातू. त्यावरून ‘स्टातिओ’ म्हणजे थांबायची जागा, आपलं स्टेशन तिथूनच आलं. मध्ययुगात युरोपात बरेच विक्रेते फेरीवाले असायचे, आज या जत्रेत उद्या त्या बाजारात. जो एका जागी ठाण मांडून बसायचा त्याला ‘स्टातिओनारिउस’ म्हणायचे. पुस्तकांचा धंदा असा एका जागी बसून करणारे लोक बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्डसारख्या विद्यापीठांच्या आसपास होते. छपाई नव्हतीच, सगळं हाताने लिहिलेलं, आणि काही विद्यापीठांत हे लोक तपासून घेतलेली प्रत ठेवून तिचे सुटे भाग भाड्याने द्यायचे, ते नेऊन पोरांनी उतरवून घ्यायचे, म्हणजे आपल्या कॉलेजच्या गेटबाहेरचं झेरॉक्सचं दुकानच म्हणा ना. मला या सगळ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यात आवडतो.

इंग्रजीत त्याचा ‘स्टेशनर’ झाला. लंडनमध्ये १४०३ साली नकलनवीस, पुस्तकं बांधणारे, विकणारे यांचा संघ झाला आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. पुढे पुस्तकं विकणारा आणि छापणारा यांना वेगळी नावं रुळली, आणि स्टेशनर म्हणजे कागद, शाई, लेखण्या विकणारा एवढंच उरलं. त्याच्याकडचा माल तो स्टेशनरी, बेकरची बेकरी तशी स्टेशनरची स्टेशनरी, म्हणून तिथे ‘ई’. हे एकदा डोक्यात बसलं की स्पेलिंग पाठ करायला लागत नाही.

‘ए’वाला शब्द मात्र मूळ अर्थाला धरून राहिला. उभी असलेली गाडी स्टेशनरी. जिओस्टेशनरी उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतो म्हणून खालून बघताना एकाच जागी दिसतो, मराठीत आपण त्याला भूस्थिर म्हणतो. आणि गंमत बघा, हा ‘स्थिर’सुद्धा लॅटिनच्या त्याच धातूचा नातेवाईक, कारण संस्कृतचा ‘स्था’ आणि तो लॅटिन धातू एकाच जुन्या मुळातून आलेत. स्थान, स्थावर, ठाण, ठाणं, सगळी त्याच घरातली, म्हणजे पोलीस ठाणं म्हणा नाहीतर पोलीस स्टेशन म्हणा, मुळाशी शब्द एकच! ठाणे स्टेशनच्या पाटीवर तर दोघं शेजारी शेजारी उभे आहेत.

तेव्हा यादीवर बिनधास्त ‘ई’ लिहा. फक्त कॉम्प्युटरवर टाईप करत असाल तर लाल रेघेवर अवलंबून राहू नका, ‘ए’ टाकलात तरी ती येणार नाही कारण तोही खराच शब्द आहे, तेवढं अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी बघून मग प्रिंट काढा.