पीटीएच ‘रेंजमध्ये’ आहे म्हणजे नॉर्मल आहे असं नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी दोन ओळींत परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. आईचं वय ५८. दोनदा मूतखडा झालाय, सतत थकवा असतो, पोट साफ होत नाही. रक्तातलं कॅल्शियम ११.१ (लॅबची रेंज ८.५ ते १०.५), पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन, ६२ (रेंज १५ ते ६५), ड जीवनसत्त्व १४. तुम्हाला सांगण्यात आलं की पीटीएच नॉर्मल आहे, तेव्हा पॅराथायरॉइडची शंका नको, दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करा. आता तुमच्यापुढे प्रश्न आहे की दूध खरंच बंद करायचं का आणि ड जीवनसत्त्व सुरू करायचं की नाही.

मी डॉक्टर नाही. याच ग्रंथीचं ऑपरेशन होऊन गेलेला पेशंट आहे, आणि ते होण्याआधी जवळजवळ चार वर्षं ‘नॉर्मल’ पीटीएचचे रिपोर्ट फाइलला लावत होतो. त्यामुळे थोडं ठासून लिहितोय. आईचं ते ६२ नॉर्मल नाही.

गच्चीवरची पाण्याची टाकी भरून वाहतेय आणि खाली मोटर चालूच आहे, असं समजा. कोणी येऊन मीटर बघतो आणि म्हणतो, ‘मोटर योग्य तेवढाच करंट घेतेय, मोटरला काही झालेलं नाही.’ मोटर योग्य करंट घेतेय हे खरंच आहे. पण टाकी भरल्यावर ती बंद व्हायला हवी होती! पॅराथायरॉइडचं अगदी असंच आहे. या ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम मोजणारे सेन्सर असतात. रक्तातलं कॅल्शियम जरासं उतरलं की काही मिनिटांत पीटीएच वाढतं, चढलं की लगेच कमी होतं. कॅल्शियम ११ च्या वर असताना निरोगी ग्रंथी जवळपास गप्प असते, म्हणजे पीटीएच रेंजच्या तळाशी किंवा त्याच्याही खाली सापडायला हवं. लॅबची १५ ते ६५ ही रेंज कॅल्शियम ठीक असलेल्या माणसांवरून ठरवलेली असते. ११.१ वाल्या माणसाला ती लावायचीच नसते. म्हणून पीटीएचचा आकडा कधीही एकटा वाचू नका. त्याच वेळी काढलेल्या रक्तातलं कॅल्शियम शेजारी ठेवल्याशिवाय त्याला अर्थच नाही.

आता हे हार्मोन करतं काय, तेही बघू, कारण आईच्या तक्रारींचा उलगडा त्यात होतो. बहुतेकांना या ग्रंथी चार असतात, थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या, एकेक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. थायरॉइडशी शेजारापलीकडे त्यांचा काही संबंध नाही, त्यामुळे थायरॉइडचे रिपोर्ट चांगले आले म्हणून इकडे निश्चिंत व्हायचं कारण नाही. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रक्तात अगदी थोडं फिरतं, पण नसा, स्नायू आणि हृदय त्या थोड्यावरच चालतात. ते कमी पडलं की पीटीएच तिन्हीकडून सोय करतं. हाडं विरघळवून कॅल्शियम सोडवून घेतं, मूत्रपिंडाला लघवीतून कॅल्शियम जाऊ देऊ नकोस असं बजावतं, आणि त्याच मूत्रपिंडाकडून ड जीवनसत्त्वाचं कार्यक्षम रूप तयार करवून घेतं, ज्यामुळे आतडं अन्नातून जास्त कॅल्शियम शोषतं. हाड विरघळताना कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही सुटतो. दोन्ही रक्तात साचले तर एकमेकांशी संयोग पावून भलतीकडे बसतील, म्हणून हे हार्मोन फॉस्फरस लघवीवाटे बाहेर काढतं. आईच्या रिपोर्टमध्ये फॉस्फरस आहे का बघा. तो खालच्या टोकाला असेल तर चित्र आणखी जुळतं.

इथे मला स्वतःला बरेच दिवस एक कोडं पडलं होतं. पीटीएच लघवीतलं कॅल्शियम अडवतं, तर मग मूतखडे का होतात? कारण रक्तातच इतकं जास्त असतं की मूत्रपिंडात गाळलं जाणारं कॅल्शियमही तेवढंच वाढतं. कितीही अडवलं तरी उरलेलं नेहमीपेक्षा जास्तच भरतं. म्हणून वारंवार खडे होणाऱ्याचं रक्तातलं कॅल्शियम एकदा तरी बघावं. माझे तीन खडे निघेपर्यंत ते कोणी बघितलं नव्हतं, आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं.

ड जीवनसत्त्व कमी असलं की पीटीएच वाढतं, हे खरं आहे. म्हणून कोणीतरी तुम्हाला ‘हे सगळं ड कमी असल्यामुळे’ असंही सांगेल. पण तसं असतं तर ग्रंथी कमी पडणारं कॅल्शियम भरून काढत असती, आणि कॅल्शियम फार तर नॉर्मल किंवा खाली दिसलं असतं. ११.१ दिसलं नसतं. मूत्रपिंड निकामी होत जातं तेव्हाही पीटीएच वाढतं, बरंच वाढतं, पण तिथे फॉस्फरस चढलेला असतो आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बोलतं. पीटीएच वाढलेलं दिसलं की विचारायचा प्रश्न एकच: ग्रंथी आपलं काम करतेय की मनमानी करतेय? त्याचं उत्तर कॅल्शियम देतं.

हा घोळ काही आजचा नाही. या ग्रंथी माणसात नोंदवल्या त्या स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉमने, १८८० साली. पुढे हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात ही ग्रंथी फुगलेली सापडायला लागली, तेव्हा मोठा तर्क असा होता की हाडांचा रोग आधी होतो आणि त्याला तोंड द्यायला बिचारी ग्रंथी वाढते. त्यामुळे व्हिएन्नात फेलिक्स मांड्ल या सर्जनने एका ट्राम कंडक्टरला आधी चक्क जास्तीच्या पॅराथायरॉइड दिल्या, दुसऱ्याच्या शरीरातून काढून बसवल्या. काही फरक पडला नाही. मग १९२५ मध्ये त्याने मान उघडली, तिथली गाठ काढून टाकली, आणि माणसाची हाडं भरून यायला लागली. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे एका ऑपरेशनने उलटं केलं. पुढे अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाच्या एका जहाजाच्या कॅप्टनवर गाठ सापडेपर्यंत सात ऑपरेशनं झाली. सातव्यात, १९३२ साली, ती मानेत नव्हे तर छातीत मिळाली. गर्भात या ग्रंथी खाली सरकत आपल्या जागी येतात, आणि कधी कधी एखादी जास्तच खाली जाते.

असो, आईकडे येतो. दूध बंद करू नका. ग्रंथी दुधामुळे बिघडलेली नाही, आणि बाहेरून कॅल्शियम तोडलं तर ती आणखी चेकाळून हाडांतून ओढेल. हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखं झालं. जेवणातलं नेहमीचं कॅल्शियम चालू राहू द्या, पाणी भरपूर. गोळ्यांचं मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या. ड जीवनसत्त्व १४ म्हणजे कमीच आहे आणि ते भरून काढतात, पण कॅल्शियम चढलेलं असताना सावकाश, मधेमधे रक्त तपासत. मोठा डोस स्वतःच्या मनाने देऊ नका.

ग्रंथीवर शिक्का मारायच्या आधी काही गोष्टी पक्क्या करा. कॅल्शियम परत करा आणि सोबत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, तपासा. रक्तातलं निम्म्याच्या आसपास कॅल्शियम प्रथिनांना बांधलेलं असतं, त्यामुळे अल्ब्युमिन कमीजास्त असेल तर एकूण आकडा फसवतो. पीटीएचही त्याच वेळच्या रक्तातून करा. ब्लडप्रेशरसाठी थायझाइड गटातली, लघवी वाढवणारी गोळी चालू आहे का, किंवा लिथियम (मनाच्या आजारावरचं औषध), हे डॉक्टरांना सांगा, दोन्हींनी कॅल्शियम चढू शकतं. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर तेही सांगा, कारण काही लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे पीटीएच खोटंच कमी दिसतं. आणि घरात असतील नसतील तेवढे जुने रिपोर्ट उकरून काढा. दहा वर्षांपूर्वी कॅल्शियम ९.४ होतं असं सापडलं तर फार मोठी मदत होईल.

ते कशासाठी? तर काही घराण्यांत हा सेन्सरच जन्मतः थोडा मंद असतो. त्यांचं कॅल्शियम आयुष्यभर जरा चढं, पीटीएच ‘नॉर्मल’, बहुतेकांना त्रास काही नाही, आणि ऑपरेशन करून उपयोग शून्य. त्यांच्या लघवीत कॅल्शियम फार कमी जातं. आईला खडे झालेत म्हणजे ही शक्यता कमी वाटते, तरी २४ तासांची लघवी तपासल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ देऊ नका. ही तपासणी दिसते सोपी, बिघडते पटकन. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, मग दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची धरून थांबायचं. मी पहिल्यांदा दोन्ही सकाळच्या धरल्या आणि आकडा इतका फुगला की परत दोन दिवस कॅन घेऊन घरात बसलो.

हे सगळं जुळलं तर पुढचा प्रश्न ऑपरेशनचा. खडा झालेला असणं हे एकटंच त्यासाठी पुरेसं कारण मानतात. बाकी निकष म्हणजे कॅल्शियम रेंजच्या वरच्या टोकापेक्षा १ ने जास्त, हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली, मणक्याचं फ्रॅक्चर, मूत्रपिंडाचं काम (रिपोर्टवरचा ईजीएफआर) ६० च्या खाली, वय ५० च्या आत. हाडांची तपासणी करताना मनगटाजवळच्या हाताच्या हाडाचीही करायला सांगा. नेहमीच्या तपासणीत कंबर आणि खुबाच बघतात, पण हे हार्मोन हाडाचं टणक बाहेरचं कवच आधी खातं, ते हातात जास्त असतं.

स्कॅनबद्दल बऱ्याच जणांची गफलत होते. सोनोग्राफी किंवा सेस्टामिबी स्कॅन हे गाठ कुठे आहे ते शोधायला असतात. रोग आहे की नाही ते रक्त ठरवतं. माझे दोन्ही स्कॅन ‘काही दिसत नाही’ असे आले होते, आणि त्या जोरावर मला वर्षभर घरी पाठवलं गेलं. शेवटी ही ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडे गेलो. सुमारे ८० ते ८५ टक्के लोकांत चारांपैकी एकाच ग्रंथीत साधी गाठ असते, कॅन्सर १ टक्क्याहूनही कमी. पीटीएच रक्तात काही मिनिटंच टिकतं, याचा सर्जन झकास उपयोग करतात: गाठ काढली की दहा मिनिटं थांबून रक्त घेतात, आणि आकडा निम्म्याहून खाली आला तरच मान शिवतात. माझा १४८ वरून २९ वर आला. बाटलीतली गाठ नंतर मला दाखवली, तपकिरी, सोललेल्या शेंगदाण्याएवढी. एवढ्याशा गोष्टीने चार वर्षं खाल्ली.

त्याच रात्री ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या. उरलेल्या तीन ग्रंथी इतकी वर्षं झोपून होत्या, आणि भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढत होती. गोळ्या सुरू होत्याच, दोन वाढवल्या. आईचं झालं तर ही गोष्ट आधीच माहीत असू द्या, म्हणजे घाबरगुंडी उडणार नाही. नर्सला लगेच सांगायचं एवढंच.

उलट टोकही लिहून ठेवतो, कारण या धाग्यावर एकांनी थायरॉइड काढल्यावर हाताला पेटके येतात असं विचारलंय. त्या ऑपरेशनमध्ये पॅराथायरॉइड दुखावल्या तर पीटीएच पडतं, कॅल्शियम उतरतं, फॉस्फरस चढतो. माझ्या मावसभावाला असंच झालं होतं. ब्लडप्रेशर बघायला पट्टा फुगवला, दोनेक मिनिटं तसाच राहिला, आणि त्याचं मनगट आपोआप आत वळलं, बोटं सरळ एकमेकांना चिकटली, अंगठा तळहातात गेला. पट्टा सोडेपर्यंत त्याला हात उघडता येईना. त्याला साधं ड जीवनसत्त्व देऊन भागलं नाही. पीटीएच नसेल तर मूत्रपिंड ते नीट कार्यक्षम करत नाही, म्हणून तयार कार्यक्षम रूप, कॅल्सिट्रायॉल, द्यावं लागलं. आणि अशा वेळी मॅग्नेशियम जरूर बघा. ते फार उतरलं तर ग्रंथी धडधाकट असूनही हार्मोन सोडत नाही, मग कितीही कॅल्शियम घाला, टिकत नाही. अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हे होऊ शकतं.

गंमत म्हणजे याच हार्मोनचा पहिला ३४ अमिनो आम्लांचा तुकडा, टेरिपॅराटाइड, ठिसूळ हाडांवर रोज एक इंजेक्शन म्हणून देतात आणि हाड वाढतं. रोज थोडा वेळ टोचलं तर हाड बांधलं जातं, चोवीस तास मारा राहिला तर झिजतं. पण आईसारख्यांना ते औषध नको, हे औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं.

सध्या घाई करण्यासारखं काही दिसत नाही. पण उलट्या, खूप तहान, बरळणं किंवा सुस्ती सुरू झाली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी कॅल्शियम तपासा. आणि नव्या तपासणीत कॅल्शियम चढंच असून पीटीएच अगदी १० च्या खाली आलं तर मी वर लिहिलेलं बाजूला ठेवा. मग ग्रंथी निर्दोष आहे आणि कारण दुसरीकडे, अतिरिक्त ड जीवनसत्त्वापासून कॅन्सरपर्यंत कुठेही, ते लगेच शोधावं लागतं.

लघवीचा रिपोर्ट आला की आकडे इथे टाका. कॅल्शियमबरोबर लघवीतलं आणि रक्तातलं क्रिएटिनिनही हवं, नाहीतर गुणोत्तर काढता येत नाही.