मुदत ठेव मोडून ५० कोंबड्या?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरामागे साधारण १०० चौरस मीटर मोकळी जागा आहे. तिथे ५० कोंबड्या मोकळ्यावर वाढवायच्या, वर्षाला तीन बॅच काढायच्या, आठवड्याला एक घरी खायची आणि उरलेल्या नातेवाइकांना, ओळखीच्यांना विकायच्या, असा तुमचा बेत आहे. पक्कं खुराडं, कुंपण आणि डीप फ्रीझर यांसाठी सहा महिन्यांच्या घरखर्चाची मुदत ठेव मोडायची आहे. मुलं काय खातात ते आपल्याला माहीत असावं, हे तुमच्या पत्नीचं म्हणणं. मांसाचा खर्च निम्म्यावर येईल, हे तुमचं. पत्नीचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. तुमच्या म्हणण्याचा हिशेब मात्र मांडून पाहावा लागेल.

तो मी पैशांत मांडत नाही, खाद्याच्या किलोत मांडते. खाद्याचा भाव जागोजागी आणि महिन्या-महिन्याला बदलतो, पण कोंबडी किती खाते हे फारसं बदलत नाही. शेवटी आलेल्या आकड्याला तुमच्याकडच्या भावाने गुणा.

मोकळ्यावर नीट हिंडणारी, सावकाश वाढणारी जात साधारण १२ आठवड्यांत सव्वादोन किलोच्या आसपास जाते. जिवंत वजनाच्या एका किलोमागे तिला जवळपास ३ किलो खाद्य लागतं, म्हणजे पक्ष्यामागे साडेसहा किलोहून थोडं जास्तच. पहिल्याच बॅचला ५० पैकी ५ पिल्लांची मरतूक धरा. अनुभव नसताना हा अंदाज जास्त नाही. गेलेल्या पिल्लांनी खाल्लेलं आणि भांड्याबाहेर सांडलेलं मिळून बॅचला सुमारे ३१० किलो खाद्य जाईल. साफ केल्यावर जिवंत वजनाच्या साधारण ७० टक्के हाती राहतं, म्हणजे ४५ पक्ष्यांचं ६९ किलो मांस. एका किलो मांसामागे साडेचार किलो खाद्य झालं. कोंबडीपालनाच्या चालू खर्चात खाद्याचा वाटा साधारण दोन तृतीयांश असतो. पिल्लं, ऊब, लस, तूस, वीज हे सगळं मिळवलं की तुमच्या एका किलो मांसाचा चालू खर्च साडेसहा ते सात किलो खाद्याच्या किमतीइतका येतो. खुराडं यात अजून धरलेलंच नाही.

आता तुमच्याकडचा खाद्याचा भाव घ्या, सातने गुणा आणि बाजारातल्या साध्या ब्रॉयलरच्या भावाशेजारी ठेवा. बहुतेक ठिकाणी तुमची कोंबडी महाग पडेल.

‘पण मोकळ्या फिरतील, किडे-गवत खातील, घरातलं उरलंसुरलं घालू’, हे तुम्ही पत्रात तीन वेळा लिहिलं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. युरोपीय संघाच्या नियमात कोंबडीच्या मांसाला ‘मुक्त’ (फ्री रेंज, म्हणजे मोकळ्यावर वाढवलेली) असं लेबल लावायला कोंबडीमागे किमान १ चौरस मीटर मोकळी जागा आणि किमान ५६ दिवसांचं वय लागतं. तुमच्याकडे पक्ष्यामागे २ चौरस मीटर आहे. हिंडायला ती पुरेल, चरायला नाही. ५० कोंबड्या एवढ्या जागेतलं गवत काही आठवड्यांत उकरून संपवतात आणि मग उरते उघडी माती. जागा भरपूर असली, फिरती ठेवली, तरी चरण्यातून खाद्यात फार तर दहा-पंधरा टक्क्यांची बचत धरावी. उरल्यासुरल्या अन्नाचं म्हणाल, तर लहान पिल्लाच्या खाद्यात २० ते २२ टक्के प्रथिनं लागतात. भात-पोळी घातली की पोट भरतं, पण प्रथिनं कमी पडतात आणि तीच वाढ दोन-तीन आठवडे लांबते. म्हणजे आज वाचवलेलं खाद्य नंतर जास्तीचे दिवस खाऊन टाकतात. शिवाय काही देशांत खरकटं कोंबड्यांना घालायला कायद्याने मनाई आहे. तुमच्याकडचा नियम बघून घ्या.

बाजाराशी स्पर्धा का जमत नाही, याचं उत्तर जातीत आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७ पासून जशीच्या तशी राखलेली जात, १९७८ ची जात आणि २००५ ची व्यापारी जात एकसारखंच खाद्य देऊन वाढवली. २०१४ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. ५६ व्या दिवशी वजनं भरली ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. दुकानातला भाव त्या तिसऱ्या कोंबडीचा असतो. तीच जात घरी आणली तर किलोभर मांसाला पावणेतीन ते तीन किलो खाद्यात भागेल. पण ती फारशी हिंडत नाही, भांड्यापाशी बसून राहते, आणि आठ-दहा आठवड्यांपुढे ठेवली तर पाय आणि हृदय साथ देत नाहीत. उलट जुन्या, अंडी-मांस दोन्हींच्या जातीचे कोंबडे वाढायला पाच महिने घेतात आणि किलोभर मांसाला सहा किलोच्या वर खाद्य खातात. स्वस्ताई आणि मोकळं हिंडणं एकाच पक्ष्यात मिळत नाही, निवड करावीच लागते. अंड्यांच्या जातीचे नर पिल्लं फुकटासारखे मिळतात, त्यांचा मोह टाळा. पिल्लाची किंमत एकदाच द्यायची असते, खाद्याची रोज.

म्हणून तुलना कशाशी करता ते आधी ठरवा. मोकळ्यावर वाढलेल्या, सावकाश वाढलेल्या कोंबडीचा बाजारभाव साध्या ब्रॉयलरपेक्षा बराच जास्त असतो. ती तुम्ही आजही विकत घेत असाल, तर घरी वाढवणं परवडू शकेल. घेत नसाल, तर ही बचत म्हणून धरू नका. हा घरातला नवा खर्च आहे. चांगल्या कारणासाठी केलेला असेल, पण खर्चच.

आता खुराडं. वर्षाला तीन बॅच, पाच वर्षं चालवल्या तर हजारभर किलो मांस निघेल. म्हणजे खुराड्याच्या किमतीला हजाराने भागा, तेवढा भार प्रत्येक किलोवर. दोन बॅचनंतर कंटाळलात तर भागाकार १४० ने होईल आणि भार सातपटीने वाढेल. तुमच्या बेतातली सगळ्यात मोठी जोखीम मला इथे दिसते. रोगाची जोखीमही आहेच. मानमोडी (राणीखेत, कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग) लस न दिलेल्या कळपात शिरली तर कळप संपवू शकते. बर्ड फ्लूच्या साथीत पक्षी बंदिस्त ठेवण्याचा किंवा नष्ट करण्याचा हुकूम निघू शकतो, आणि कुंपणाखालून शिरलेला एक कुत्रा एका रात्रीत सगळं उलथवतो. पण लोक बहुतेकदा सोडून देतात ते थकल्यामुळे. रोज अर्धा तास धरला तर १२ आठवड्यांचे ४२ तास होतात. शिवाय कापणं-सोलणं. नवख्या माणसाला पक्ष्यामागे वीस-पंचवीस मिनिटं लागतात, ४५ पक्ष्यांना १५ ते १९ तास. नोकरी सांभाळून ते कधी करणार, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. कापणार कोण, हेही नाही.

हे मी मुद्दाम विचारते आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याने पहिल्या बॅचची वही आणून दाखवली होती. बाराव्या आठवड्यापर्यंत हिशेब नेटका. पुढे चार आठवडे ‘पुढच्या रविवारी’ असं लिहिलेलं आणि खाद्याची पोती वाढत गेलेली. हात धजावत नव्हता. पूर्ण वाढलेला पक्षी दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास खातो आणि वजन मात्र मंद गतीने धरतो. २५ पक्षी चार आठवडे लांबले की ८४ किलो खाद्य जातं. त्या दोघांना मी दोष देत नाही, जीव लावलेल्या पक्ष्यावर सुरी धरणं सोपं नसतं. पण ते जमेल का, याचं उत्तर ठेव मोडण्याआधी मिळालं पाहिजे.

विक्रीचंही बघा. वर्षाला १३५ पक्षी निघतील आणि घरी ५२ खपतील. ८३ विकायचे म्हणजे तो धंदा झाला. कापलेलं मांस विकायला स्वच्छतेचे आणि परवान्याचे नियम लागू होऊ शकतात. नातेवाईक पहिल्या वेळी कौतुकाने घेतील, तिसऱ्या बॅचला भाव विचारतील.

तेव्हा मुदत ठेवीला हात लावू नका. ती नोकरी गेली, दुखणं आलं तर उभं राहण्यासाठी आहे, आणि तशा वेळी खुराडं विकून काही उभं राहत नाही. त्याऐवजी १२ पिल्लांची एकच बॅच घ्या. तीन महिन्यांच्या मांसाच्या बजेटमध्ये ती बसेल. नसेल बसत तर आठ घ्या. सध्या मोठं खोकं, दिवा आणि थर्मामीटर पुरेत. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब हवी, मग दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करायची. पुढे जुन्या लाकडाचं, बारीक जाळीचं आणि रात्री घट्ट बंद होणारं खुराडं चालेल. लसीचं पशुवैद्यकाला आधी विचारा. इतक्या कमी पक्ष्यांना फ्रीझर लागत नाही, दोन-तीन आठवड्यांत चार-चार करून कापले की घरात आणि नातेवाइकांत संपतात.

पिल्लं घरी येतील त्याच दिवशी कापण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि ते काम कोण करणार त्याचं नावही. वहीत चारच रकाने ठेवा: पोत्यातून काढलेलं खाद्य, बाकीचा खर्च, दिलेला वेळ, हाती आलेलं मांस. बॅच संपली की खाद्यासकट सगळ्या खर्चाला मांसाच्या किलोने भागा, त्याला खाद्याच्या किलोच्या भावाने भागा आणि तो आकडा मला कळवा. तो आठच्या आत असेल, तारीख पाळली गेली असेल आणि तुम्हा दोघांना दुसरी बॅच घ्यावीशी वाटत असेल, तर खुराड्यासाठी दरमहा थोडं बाजूला टाकायला तेव्हापासून सुरुवात करू.