जुन्या १८६५० सेलसाठी कपॅसिटी टेस्टर कोणता घ्यावा, आणि त्याच्या आकड्यावर किती विसंबावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या उघडून शंभरेक १८६५० सेल (१८ मिमी जाडीचे, ६५ मिमी लांबीचे नळकांडी लिथियम सेल) निघालेत, त्यांचा पॅक बांधायचाय, पुढे मोठे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलही तपासायचेत, आणि कोणता टेस्टर घ्यावा ते ठरत नाहीये. शिवाय एकच सेल एका टेस्टरवर २२१० एमएएच (मिलिअँपिअर-तास) दाखवतो आणि दुसऱ्यावर २०५०, तर खरा आकडा कोणता? आधी या शेवटच्या शंकेचं उत्तर देतो. ते नीट समजलं की कोणतं यंत्र घ्यायचं हे ठरवणं बरंच सोपं जातं.

दोन्ही आकडे खरे असू शकतात. सेलची क्षमता वजनासारखी कधीही मोजली तरी तीच येईल अशी नसते. किती व्होल्टपर्यंत चार्ज केला, चार्जिंग किती करंटवर थांबवलं, किती करंटने डिस्चार्ज केला, कोणत्या व्होल्टेजला तोडलं आणि त्या वेळी सेल किती गरम होता, या सगळ्यांवर आकडा ठरतो. सॅमसंगच्या ३५ई सेलचं उदाहरण घ्या. त्याची डेटाशीट किमान ३३५० एमएएच सांगते, पण कधी? ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करून, करंट ६८ मिलिअँपिअरपर्यंत उतरू देऊन, मग ०.२सी, म्हणजे क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याइतक्या करंटने, इतक्या सावकाश वेगाने २.६५ व्होल्टपर्यंत खाली नेला तर. हाच कोरा सेल १ अँपिअरने काढून २.८ व्होल्टला तोडला तर आकडा कमीच येणार. त्यात सेलचा दोष नाही आणि टेस्टरचाही नाही.

तुमच्या दोन टेस्टरांपैकी एक ५०० मिलिअँपिअरने काढून २.८ला थांबत असेल आणि दुसरा १ अँपिअरने काढून ३.०ला, तर हिशेब करून पाहा. जुन्या सेलचा आणि काँटॅक्टचा मिळून रोध १०० मिलिओहम धरू. १ अँपिअरला ०.१ व्होल्ट तिथेच पडतो. म्हणजे टेस्टरला ३.० दिसतात तेव्हा सेलच्या आत अजून ३.१च्या आसपास शिल्लक असतात. ५०० मिलिअँपिअरवाल्या टेस्टरवर हाच सेल आतून २.८५पर्यंत उतरतो. फरकाचा मोठा वाटा इथेच सापडेल. उरलेला कॅलिब्रेशनचा.

म्हणून माझं म्हणणं असं, की पॅक बांधणाऱ्याला खरा आकडा शोधायचा नसतो. सगळे सेल एकाच यंत्रावर, एकाच करंटवर, एकाच कट-ऑफवर (डिस्चार्ज तोडण्याच्या व्होल्टेजवर) मोजले गेलेत ना, एवढंच बघायचं असतं. टेस्टर ५ टक्के जास्त दाखवत असेल पण दर वेळी ५ टक्केच जास्त दाखवत असेल, तर तुमचा पॅक उत्तम जुळेल. आज एक आणि उद्या एक दाखवणारा टेस्टर मात्र कितीही महागडा असला तरी या कामाचा नाही. सेल विकायचे असतील किंवा विकत घेतलेला माल अस्सल आहे का ते तपासायचं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डेटाशीटच्याच अटींवर मोजणारं यंत्र लागतं.

आता यंत्रांकडे येऊ. चार खाचांचे चार्जर-टेस्टर बहुतेक जण घेतात. लिटोकाला लिआय-५०० आणि ओपस बीटी-सी३१०० ही त्यातली सर्वांत परिचित नावं. लिआय-५००वर डिस्चार्ज २५० किंवा ५०० मिलिअँपिअरने होतो, ओपसवर १००० पर्यंत जाता येतं. दोन्ही साधारण २.८ व्होल्टला थांबतात आणि तो कट-ऑफ आपल्याला बदलता येत नाही. तुमच्या कामाला हे पुरेसं आहे. सेल घातला, मोड निवडला, की ते स्वतःच पूर्ण चार्ज करून, रिकामा करून, मोजून, पुन्हा भरून ठेवतं. घेताना एकच खात्री करा: आकडा डिस्चार्ज करताना मोजलेला आहे की चार्ज करताना. काही स्वस्त चार्जर फक्त आत गेलेला करंट मोजतात. लिथियम सेलमध्ये जितकं भरलं जवळजवळ तितकंच बाहेर येतं, त्यामुळे ही पद्धत मुळात चुकीची नाही. पण सेल आधी ठरावीक बिंदूपर्यंत रिकामा केलेला नसेल, तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. अर्धा भरलेला सेल अर्धीच क्षमता दाखवेल आणि तुम्ही चांगला सेल टाकून द्याल.

या चार्जरांची दुखरी जागा म्हणजे उष्णता. चार सेल १ अँपिअरने काढले तर सुमारे १४ वॅट त्या छोट्या प्लास्टिकच्या डब्यातच जिरतात आणि सेल त्याच डब्यावर पडलेले असतात. गरम सेलचा आतला रोध उतरतो आणि आकडा फुगतो. थंड खोलीत सुरू केलेली पहिली फेरी आणि तापलेल्या यंत्रावरची तिसरी फेरी यांची तुलना होत नाही. म्हणून चारही खाचा भरल्या असतील तर ५००च्या वर जाऊ नका आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये यंत्र निवू द्या. काही यंत्रं कमी सरासरी करंट दाखवण्यासाठी आतून मोठ्या करंटचे ठोके देतात. अशा वेळी थकलेला, जास्त रोधाचा सेल त्या ठोक्यालाच कट-ऑफला टेकतो आणि वाजवीपेक्षा वाईट दिसतो.

वेळेचा हिशेब आधीच करा, कारण लोक तिथे कंटाळतात. २२०० एमएएचचा सेल ५०० मिलिअँपिअरने काढायला चार-साडेचार तास लागतात. आधीचं आणि नंतरचं चार्जिंग धरलं की एका फेरीला जवळपास अर्धा दिवस जातो. शंभर सेल म्हणजे चार खाचांच्या यंत्रावर पंचवीस फेऱ्या. घाई म्हणून करंट वाढवण्यापेक्षा त्याच मॉडेलचं दुसरं यंत्र घ्या, किंवा चार्जिंगचं काम टीपी४०५६च्या (एकेक सेल चार्ज करणाऱ्या छोट्या) बोर्डांवर सोपवून टेस्टर फक्त डिस्चार्जला वापरा. त्या बोर्डाला सेल उलटा लावला तर बोर्ड जळतो, त्यामुळे होल्डरवर धन-ऋण खुणा ठळक रंगवून ठेवा.

झेडबी२एल३ नावाचं छोटं मॉड्यूल मला मनापासून आवडतं. रोधक लावून सेल रिकामा करतं, अँपिअर-तास मोजतं, कट-ऑफ बटणांनी ठरवता येतो. सोबत येणारा ७.५ ओहमचा रोधक लावला तर भरलेल्या सेलवर ०.५६ अँपिअर वाहतात आणि ३ व्होल्टला ०.४. म्हणजे करंट स्थिर नसतो, पण प्रत्येक सेलला तो जवळजवळ सारख्याच रीतीने उतरतो, त्यामुळे तुलनेला चालतं. आठ-दहा मॉड्यूल ओळीत मांडली तर कामाचा वेग भरपूर वाढतो. वायर जाड आणि आखूड ठेवा, रोधक प्लास्टिकपासून लांब ठेवा, तो चांगलाच तापतो. स्प्रिंगवाले स्वस्त होल्डर टाळा, त्या स्प्रिंगच मोजमाप बिघडवतात.

यापुढची पायरी म्हणजे स्कायआरसी एमसी३००० किंवा ईबीसी-ए२० वगैरे. पहिल्यात चार खाचा असून करंट, कट-ऑफ, चार्ज थांबवण्याचा बिंदू सगळं स्वतः ठरवता येतं. ईबीसी-ए२० एका वेळी एकच सेल घेतं, पण संगणकाला जोडून पूर्ण आलेख काढतं आणि व्होल्टेज मोजायला वेगळ्या तारा देतं. मोठा करंट ज्या तारांतून वाहतो त्यांत व्होल्टेज पडतो, म्हणून मोजमाप दुसऱ्या जोडीने थेट सेलच्या टोकावरून घ्यायचं, हा चार तारांचा नियम. शंभर लॅपटॉप सेलसाठी हे यंत्र संथ पडेल, पण मोठ्या सेलकडे जाणार असाल तर आत्ताच विचार करा. यूएसबी मीटर मात्र यासाठी घेऊ नका. तो पॉवर बँकेच्या ५ व्होल्टच्या बाजूला मोजतो. १०,००० एमएएचची बँक म्हणजे ३.७ व्होल्टला ३७ वॅट-तास. रूपांतरात दहावा हिस्सा गेला तर ५ व्होल्टला सुमारे ६६५० एमएएच दिसतात, आणि लोक उगाच फसवणूक झाली म्हणून हळहळतात.

यंत्र आलं की पहिलं काम: माहितीतल्या दुकानातून घेतलेला एक अस्सल नवा सेल संदर्भासाठी बाजूला ठेवा. तोच सेल चारही खाचांतून, त्याच करंटवर, एकेक करून फिरवा. एखादी खाच सातत्याने वेगळं दाखवत असेल तर त्या खाचेसाठी तेवढी दुरुस्ती वहीत लिहा. भरलेल्या सेलचं व्होल्टेज चांगल्या मल्टिमीटरने ताडून पाहा. ४.२ऐवजी ४.१२लाच चार्ज थांबत असेल तर तिथलेही काही टक्के गेले.

सेल यंत्रात घालण्याआधीची चाळणी मी कटाक्षाने करतो. व्होल्टेज १.५च्या खाली असेल तर तो सेल सरळ ई-कचऱ्यात. २च्या खालचेही, तुमच्याकडे शंभर असताना, ठेवू नका. इतक्या खोल उतरलेल्या सेलमध्ये ऋण बाजूच्या पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते नको त्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा सेल क्षमतेच्या चाचणीत कधीकधी छान पास होतो, म्हणून ही चाळणी यंत्रावर सोपवता येत नाही. गंज, फुगवटा, गोडसर रासायनिक वास, फाटलेलं वेष्टन बघा. धन टोकाभोवतीची वरची कडा ऋणच असते, त्यामुळे तिथलं वेष्टन फाटलेला सेल धातूच्या काँटॅक्टखाली शॉर्ट होऊ शकतो. वेष्टन आणि कागदी वॉशर बदलल्याशिवाय तो वापरू नका. आणि वेष्टनावर ९९०० एमएएच छापलेलं असेल तर टेस्टरचीही गरज नाही. नावाजलेल्या कंपन्यांचे नेहमीचे १८६५० सेल ३५००-३६००च्या आसपास थांबतात आणि ४४ ते ५० ग्रॅम भरतात. तीस ग्रॅमचा सेल हातात घेतल्याबरोबर कळतो.

चार्ज होताना, विशेषतः शेवटी, सेलला हात लावून बघत राहा. कोमट चालेल. बाकीचे कोमट असताना एखादाच चटका देत असेल तर तो काढा, मग क्षमता कितीही दिसो. हे काम फरशीवर किंवा तत्सम न पेटणाऱ्या पृष्ठभागावर करा, आणि जुने सेल चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नका, झोपूही नका.

यंत्राच्या पडद्यावर मिलिओहममध्ये दिसणारा आतला रोध मात्र फार मनावर घेऊ नका. सेल जरा फिरवून पुन्हा बसवला तर तोच आकडा ६०वरून ९०वर जातो, कारण त्यात काँटॅक्टही मोजला जातो. वायआर१०३५सारखा चार तारांचा, १ किलोहर्ट्झच्या एसीवर मोजणारा मीटर हे काम नीट करतो. पण तो आकडा आणि लोड टाकून मिळणारा डीसी आकडा एक नसतात, डीसीचा नेहमी मोठा असतो. त्यांची आपसात तुलना करू नका.

बहुतेक जण गाळतात ती चाचणी म्हणजे सेल्फ-डिस्चार्जची, आणि पॅक मारणारा खरा शत्रू तोच. मोजून पूर्ण भरलेले सेल एक दिवस ठेवा, व्होल्टेज स्थिरावू द्या, प्रत्येकावर तारीख आणि तीन दशांश स्थळांपर्यंत व्होल्टेज लिहा, मग तीन-चार आठवडे हात लावू नका. चांगले सेल काही शतांश व्होल्ट उतरतात आणि सगळे सोबत उतरतात. ०.१ व्होल्टहून जास्त उतरलेला, किंवा त्याच मॉडेलच्या भावंडांपेक्षा स्पष्ट मागे पडलेला सेल बाद. तो २३०० एमएएच दाखवत असला तरी बाद. समांतर गटात तो शेजाऱ्यांचा चार्ज गुपचूप पीत राहतो, गट इतरांच्या मागे पडतो, आणि बीएमएस (पॅकमधल्या गटांवर लक्ष ठेवून त्यांची पातळी सारखी राखणारी सर्किट) कितीही बॅलन्स करत बसली तरी तो फरक भरून निघत नाही.

उरलेल्या सेलपैकी मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वरचे पॅकमध्ये घ्या. जुळवताना प्रत्येक सेल सारखा असायची गरज नाही, प्रत्येक समांतर गटाची बेरीज सारखी हवी. उतरत्या क्रमाने मांडून पहिल्या गटापासून शेवटच्यापर्यंत एकेक वाटा, मग उलट दिशेने परत या, शेवटी एखाद-दुसरा सेल अदलाबदल करून बेरजा १ टक्क्याच्या आत आणा. जास्त रोधाचे सेलही सगळ्या गटांत विखुरून टाका.

एलएफपीबद्दल. हे सेल ३.६५ व्होल्टपर्यंतच चार्ज करायचे, ४.२च्या सेटिंगवर लावले तर ओव्हरचार्ज होतात, म्हणून यंत्रात तो पर्याय आहे ना ते घेण्याआधी बघा. त्यांचा आलेख बराच काळ सपाट राहून शेवटी एकदम कोसळतो, त्यामुळे २.८ला तोडलं काय नि २.५ला, आकडा फारसा बदलत नाही. १०० अँपिअर-तासांचा सेल ईबीसी-ए२०वर २० अँपिअरने पाच तासांत रिकामा होईल, पण त्याचं चार्जिंग ५ अँपिअरचंच आहे, त्याला वीस तासांहून जास्त लागतील. चार्ज करायला वेगळा बेंच पॉवर सप्लाय ३.६५वर लावून ठेवा, यंत्र डिस्चार्जला राखा, आणि मोजणीच्या तारा लोडच्या तारेच्या लगवर (टोकाच्या कडीवर) नव्हे, तर सेलच्या टर्मिनलवर स्वतंत्र कसा.